दुखणं आपलं, तर प्रश्नही आपला



गावात अधूनमधून पाहणीवाले येतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. कुणाच्या हातात टॅब, कुणाच्या हातात कागदांचा गठ्ठा. ओसरीवर बसतात, पाणी पितात आणि विचारायला लागतात. घरात माणसं किती, संडास आहे का, बाळंतपण कुठं झालं, पाळी कधी गेली. कधी दंडाला पट्टा बांधून बीपी बघतात, कधी बोटाला सुई टोचून रक्त घेतात. आपली खुरपणी खोळंबते, पण माणूस दारात आलंय म्हणून आपण सगळं सांगतो. मग ते जातात. पुढं त्या उत्तरांचं नि त्या रक्ताचं काय झालं, असं आम्ही मागे एका बचत गटाच्या बैठकीत विचारलं, तर एकीलाही सांगता आलं नाही. एक मावशी म्हणाल्या, "बाजारात शेळीचे दात बघत्यात तसं बघून गेले. पण शेळीवाल्याला निदान भाव तरी सांगत्यात."

हसू आलं खरं, पण आजचा विषय मावशींच्या त्या तक्रारीचाच आहे. आजारांवर जे संशोधन होतं, त्यात आजारी माणसाला नुसतं तपासायचं, की त्याला शेजारी बसवून विचारायचंही? आणि विचारायचं तर काय, आणि कधी?

संशोधन हा शब्द मोठा वाटतो, पण ती रीत आपल्या ओळखीची आहे. नवं बियाणं आलं की जाणता शेतकरी ते सगळ्या रानात पेरत नाही. अर्ध्यात जुनं, अर्ध्यात नवं पेरतो आणि सुगीला बघतो. औषधाची चाचणीही बरीचशी अशीच असते. काही रुग्णांना जुना उपचार देतात, काहींना नवा. कुणाला कोणता हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरतं, म्हणजे कुणाला आपल्या मर्जीची माणसं निवडता येत नाहीत. मग ठरल्या वेळी दोन्हीकडं काय झालं ते मोजायचं.

खरी मेख इथंच आहे. मोजायचं काय? ज्वारीचंच घ्या. घरधनी पोती मोजतो. पण कडबा किती निघाला, जनावर तो खातं का, भाकरी थापताना चिरते का, दुसऱ्या दिवशी वातड होते का, हे घरातली बाई सांगते. पोत्यांवरून बियाणं सरस ठरेल आणि भाकरीवरून नापास होईल. दोघंही खरंच बोलतायत. पण वहीत फक्त पोती लिहिली, तर भाकरीचा हिशोब कायमचा राहून जातो.

दुखण्यांच्या बाबतीत असं घडलेलं आहे. आमवात तुम्हाला माहीत असेल. डॉक्टर त्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. म्हातारपणी गुडघे झिजतात ते वेगळं. आमवातात हातापायाची बोटं, मनगटं सुजतात, सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात, मूठ वळत नाही, केसांची वेणी घालता येत नाही. हा आजार पुरुषांपेक्षा बायांना दुपटी-तिपटीनं होतो, आणि बऱ्याचदा ऐन कामाच्या वयात. त्यावरचं औषध चाललं की नाही हे कसं मोजायचं, यावर जगभरच्या तज्ज्ञांचा एक गट १९९२ पासून काम करतो. ओमेरॅक्ट त्याचं नाव. चाचण्यांत काय काय मोजायचं याची यादी ठरलेली होती. दुखणारे सांधे किती, सुजलेले किती, वेदना किती, रोजची कामं जमतात का, रक्तात सूज किती दिसते, डॉक्टरांच्या मते तब्येत कशी, रुग्णाच्या मते कशी. यादी काही वाईट नव्हती. चांगल्या, अभ्यासू माणसांनी मन लावून केलेली होती.

२००२ साली ऑस्ट्रेलियात या गटाची सहावी परिषद भरली. तिला पहिल्यांदाच काही रुग्णांनाही बोलावलं होतं, ११ जण. तपासायला नाही, चर्चेला. या रुग्णांनी सांगितलं, आम्हाला सगळ्यात जास्त छळणाऱ्या गोष्टींपैकी एक तुमच्या यादीतच नाही. ती म्हणजे थकवा.

थकवा. अंगात त्राण नसणं. आपल्याकडं कुठल्याही बाईला विचारा, पहिल्या दोन वाक्यांत हा शब्द येतो. तो तज्ज्ञांच्या यादीत दहा वर्षं नव्हता! इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात सारा ह्यूलेट नावाच्या, नर्सिंगमधून संशोधनात आलेल्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग आमवाताच्या रुग्णांना सविस्तर विचारलं. रुग्ण म्हणाले, दिवसभर राबून दमतो तसं हे दमणं नाही. काही न करता येतं, अचानक येतं, झोपून जात नाही. डॉक्टरांना सांगितलं का, तर बहुतेकांनी सांगितलेलं नव्हतं. सांगून उपयोग नाही असं त्यांना वाटायचं, आणि समोरून कुणी विचारतही नव्हतं.

पुढच्या काही परिषदांत ओमेरॅक्टनं ठरवलं, की आमवाताच्या चाचण्यांत थकवाही मोजावा. तो मोजायचा कसा, कोणत्या शब्दांत विचारायचा, हेही ब्रिस्टलच्या गटानं रुग्णांना बरोबर घेऊन तयार केलं. मोजता यायला लागलं, तसा त्यावर उपाय शोधणंही शक्य झालं. तो उपाय गोळीचा नव्हता. रुग्णांचे छोटे गट करायचे, एक नर्स आणि एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारपणात रोजची कामं कशी करावीत हे शिकवणारे, यांनी काही आठवडे त्यांच्याशी बसायचं. कामाचे तुकडे कसे पाडायचे, विसावा आधीच कसा ठरवून घ्यायचा, बरं वाटतंय त्या दिवशी सगळं उरकून मग चार दिवस अंथरुणाला खिळायचं, हे कसं थांबवायचं. या गटांची रीतसर चाचणी झाली, तिचे निकाल २०१९ साली छापून आले. थकव्याचा जाच कमी झाला होता आणि तो फरक दोन वर्षांपर्यंत टिकला होता. बरं वाटलं की सगळं घर सारवून काढायचं आणि मग पडून राहायचं, हे साता समुद्रापलीकडच्या बायाही करतात, हे वाचून आम्हाला मात्र बरंच वाटलं.

आता, यादी तयार झाल्यावर रुग्णाला दाखवायची ही एक पायरी. त्याच्याही आधीची पायरी म्हणजे संशोधन कशावर करायचं हे ठरवतानाच विचारायचं. कारण पैसा मोजका असतो. औषध कंपनी पैसे घालते ते तिचं औषध विकलं जावं म्हणून. प्राध्यापक आपल्या आवडीचा विषय धरतात. रुग्णाचा प्रश्न असाही असू शकतो की त्यात विकायला काहीच नाही. उदाहरणार्थ, कंबर दुखत असताना हंडा कसा उचलावा?

इंग्लंडमध्ये २००४ पासून यासाठी एक व्यवस्था आहे, जेम्स लिंड अलायन्स. जेम्स लिंड हा जहाजावरचा डॉक्टर. १७४७ साली त्यानं हिरड्या सडून मरणाऱ्या खलाशांवर सहा वेगवेगळे उपाय एकाच वेळी करून पाहिले, आणि संत्री-लिंबं दिलेले खलाशी बरे झाले. म्हणून त्याचं नाव. या व्यवस्थेत एखादा आजार घेतात. त्या आजाराचे रुग्ण, त्यांची सेवा करणारी घरची माणसं आणि डॉक्टर-नर्स, सगळ्यांकडून प्रश्न मागवतात. ज्यांची उत्तरं आधीच सापडलेली आहेत ते प्रश्न बाजूला काढतात. उरलेल्यांतले महत्त्वाचे कोणते यावर मतं घेतात. शेवटी सगळे एका खोलीत बसून, वाद घालून, पहिले दहा प्रश्न ठरवतात. त्या खोलीत मोठ्या डॉक्टरचं आणि रुग्ण बाईचं मत सारखंच धरतात.

एंडोमेट्रिऑसिस नावाचा बायांचा आजार आहे. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर वाढतो, पाळीत असह्य कळा येतात, मूल राहायला अडचण येते. आपल्याकडं अशा पोरीला "पाळी म्हटल्यावर दुखणारच" म्हणून गप्प बसवतात. तिकडंही फार वेगळं नव्हतं. या आजाराचे दहा प्रश्न २०१७ साली ठरले. आजार पूर्ण बरा करणारा उपाय सापडेल का, हा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न कुणालाही सुचला असता. पण तिसरा बघा. डॉक्टर-नर्सना कसं शिकवलं तर हा आजार लवकर ओळखला जाईल आणि बायांना नीट उपचार मिळतील? म्हणजे तपासायचं ते डॉक्टरांच्या शिक्षणालाच! हा प्रश्न वर्षानुवर्षं "काही नाही हो तुम्हाला" ऐकलेल्या बाईशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून यायचा?

हे सगळं परदेशातलं झालं, असं तुम्ही म्हणाल. तर आपल्याच राज्यात गडचिरोलीला येऊ. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग १९८६ साली तिथं काम करायला आले. त्यांच्या संस्थेचं नाव सर्च. त्या काळी सरकारी दृष्टीनं खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. बाकी अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, जागेवरची खाज, हे बायांच्या आपापसातल्या कुजबुजीत. राणीताईंनी ती कुजबुज ऐकली आणि मोजायची ठरवली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायांची त्यांनी रीतसर तपासणी केली. त्यात ९२ टक्के बायांना अंगावरचा काही ना काही आजार निघाला. एकेका बाईला सरासरी साडेतीनहून जास्त आजार. आणि याआधी अशी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात जानेवारी १९८९ मध्ये हे छापून आलं आणि जगभरच्या आरोग्यवाल्यांना दखल घ्यावी लागली. बायांना माहीत असलेलीच गोष्ट होती ती. आकडा मिळाल्यावर ती इतरांना दिसली.

याच संस्थेची दुसरी गोष्ट याच्या उलटी आहे, आणि अभय बंग ती स्वतःच सांगत आले आहेत. गडचिरोलीच्या आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे हे त्यांनी शोधून काढलं. डॉक्टरांच्या दृष्टीनं मोठा शोध. पण लोकांनी त्याला फारसा प्रतिसाद दिला नाही. कारण तो प्रश्न लोकांचा नव्हता, डॉक्टरांचा होता. लोकांना तेव्हा ताप, बाळांचे मृत्यू, बायांची दुखणी भेडसावत होती. सिकलसेल खोटा नव्हता, आजही नाही, आज त्याच्या तपासण्या होतात त्या करून घ्यायलाच हव्यात. पण आधी माणसांना विचारलं असतं तर काम कुठून सुरू करायचं हे वेगळं ठरलं असतं.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. दवाखान्यात का येत नाही, असं आदिवासींना विचारलं. उत्तरं ऐकण्यासारखी आहेत. इमारत इतकी मोठी की आम्ही त्यात हरवतो. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही पांढऱ्या कापडात मेलेल्या माणसाला गुंडाळतो. रुग्णाजवळ घरच्यांना राहू देत नाहीत. आणि तिथं आमचा देव नाही. यावर चिडून "अडाणी आहात" म्हणता आलं असतं. त्याऐवजी दवाखाना आदिवासी गावासारखा बांधला गेला, झोपड्यांसारख्या खोल्या, घरच्यांना राहायला जागा, आणि नाव माँ दंतेश्वरी. देवीच्या जत्रेला गावोगावचे लोक जमतात तेव्हा तिथं आरोग्यावर बोलणं होतं.

नवजात बाळांवरचं कामही तिथलंच. बाळ जन्मल्यावर पहिल्या महिन्यात दगावतं, आणि गावापासून दवाखाना लांब. मग गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायांना तयार केलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. ३९ गावांत हे करून पाहिलं, शेजारच्या गावांशी ताडून बघितलं. १९९९ साली निकाल छापून आला, की नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. २०११ पासून सरकारनं ही रीत देशभरात आशाताईंच्या कामात घेतली. आज तुमच्या सुनेच्या बाळंतपणानंतर आशाताई ठरल्या दिवशी घरी येतात, झोळीत घालून बाळाचं वजन करतात, त्याचं मूळ गडचिरोलीच्या त्या गावांत आहे. आम्ही हे सांगितलं तेव्हा आमच्यातल्या एका आशाताईंनाच ते माहीत नव्हतं!

विचारलं नाही तर काय होतं, तेही सांगायला हवं. २००९ साली आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात, जो आता तेलंगणात आहे, आणि गुजरातेत वडोदऱ्याला १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची एचपीव्ही लस देऊन बघण्याचा एक प्रकल्प झाला. पुष्कळ मुली गरीब आणि आदिवासी घरांतल्या. खम्ममला बऱ्याच मुली वसतिगृहात राहायच्या, आणि त्यांच्या संमतीच्या कागदांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनी, मुख्याध्यापकांनी सह्या केल्या. पुढं काही मुलींचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही. पण एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला, आणि २०१३ साली संसदेच्या समितीनं संमती घेण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, नाहीतर आमच्या बोलण्याचा भलताच अर्थ निघेल. लस वाईट नव्हती. जगभर कोट्यवधी मुलींनी ती घेतली आहे आणि ती कॅन्सरपासून वाचवते. तुमच्या मुलीला मिळत असेल तर जरूर घ्या. वाईट होतं ते आईला न विचारणं. त्यापायी चांगल्या लशीभोवती संशय उभा राहिला.

यानंतरच्या वर्षांत नियम कडक झाले. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ साली केंद्र सरकारनं नवे नियम आणले. प्रत्येक चाचणीला आधी एका नैतिक समितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची परवानगी लागते. या समितीत किमान सात जण असावे लागतात. त्यात एक तरी बाई हवी आणि एक तरी सामान्य माणूस हवा, म्हणजे डॉक्टर-शास्त्रज्ञ नसलेला. हा सामान्य माणूस म्हणून कोण बसतं? बऱ्याचदा शहरातलेच कुणी शिकलेसवरलेले. ते असायला हरकत नाही. पण बचत गट चालवलेली, वह्या सांभाळलेली, ग्रामसभेत उभी राहून बोललेली बाई तिथं का नसावी, याचं उत्तर आम्हाला अजून मिळालेलं नाही.

संमतीचा कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत असला पाहिजे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवताना संशोधकांशी संबंध नसलेला एक साक्षीदार हजर हवा. कागदाची एक प्रत तुमच्या हातात मिळाली पाहिजे. नाही म्हणायचा हक्क आहे, आणि हो म्हणून नंतर मधेच बाहेर पडायचाही आहे. बाहेर पडलात म्हणून दवाखान्यातले नेहमीचे उपचार कुणी बंद करू शकत नाही. औषधाच्या चाचणीमुळं इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईची तरतूद आहे. शिवाय १५ जून २००९ पासून अशा चाचण्यांची देशाच्या नोंदवहीत आधी नोंद करावी लागते. ती नोंदवही इंटरनेटवर आहे, सी.टी.आर.आय. नावाची. आहे इंग्रजीत, पण कॉलेजात जाणारी मुलगी कुणाच्या तरी घरी असतेच, तिला बघायला लावा.

पण अंगठा देताना सावध राहणं वेगळं आणि भागीदार होणं वेगळं. भागीदारीत आपण कुंपणाच्या आत असतो. दारात आलेल्या माणसाला चार गोष्टी सरळ विचारता येतात. हा प्रश्न कुणी ठरवला, आमच्यातल्या कुणाला विचारून ठरवला का? काय सापडलं ते परत येऊन गावात सांगणार का, आणि कधी? मिटिंगला बोलावणार असाल तर त्या दिवसाच्या मजुरीचं काय? या शेवटच्या प्रश्नाला संकोच नको. डॉक्टरांना त्या दिवसाचा पगार असतो. इंग्लंडमध्ये रुग्णांना अशा कामाचे पैसे आणि प्रवासखर्च द्यावा अशी रीत आहे. आपल्याकडं चहा-बिस्किटावर भागवतात, आणि मग बैठकीला फक्त अशाच बाया येतात ज्यांचं एक दिवस कामावर न जाऊन भागतं. ज्यांना दुखणं सगळ्यात जास्त, त्या रानात राहतात.

नावापुरत्या भागीदारीचीही चीड यावी असे नमुने आहेत. सगळं ठरून, छापून झाल्यावर एका रुग्ण बाईला खुर्चीत बसवायचं, फोटो काढायचा, हजेरीपटावर सही घ्यायची. सरपंचबाईंच्या खुर्चीत कोण बसतं हे पाहिलेल्या आपल्याला हा प्रकार नवा नाही.

आणि दुसऱ्या बाजूचंही बोलू. भागीदार झालो म्हणजे आपलं सगळंच खरं, असं होत नाही. सलाइनची बाटली लावली की अंगात ताकद येते, असं आपल्यातल्या कितीजणी मानतात? त्या बाटलीत बहुतेक वेळा मिठाचं नाहीतर साखरेचं पाणी असतं. आपण म्हणतो म्हणून ते ताकदीचं औषध ठरत नाही. थुंकीत टीबीचा जंतू आहे की नाही हे तपासणीतच दिसणार, आणि गोळी खाल्ल्यावर मळमळून भाकरी जात नाही म्हणून बाई गोळी उंबऱ्याबाहेर टाकते, हे तिनं सांगितल्यावरच कळणार. डॉक्टरांना एक दिसतं, आपल्याला दुसरं. दोन्ही एका वहीत यायला हवीत, एवढंच आमचं म्हणणं आहे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचं उदाहरण अगदी घरचं आहे. २०१९ साली राज्य सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. मोजणी झाली ते बरंच झालं. पण तोडीवर जाणाऱ्या बायांशी बोलताना आम्हाला जे प्रश्न ऐकू आले ते या मोजणीच्या पुढचे आहेत. पिशवी काढून पाच वर्षं झाली, आता हाडं का दुखतात? अंगातून वाफा निघतात त्यावर गावच्या दवाखान्यात काय मिळेल? तिशीतच अंडाशयंही काढली असतील तर त्याचा कागद कुठं मिळतो? पिशवी न काढता अंगावरून जाणं थांबवायचे उपाय तोडीच्या फडावर कसे पोचतील? यांतल्या काही प्रश्नांची उत्तरं वैद्यकशास्त्राला माहीत आहेत, ती बायांपर्यंत आलेली नाहीत. काहींवर संशोधनच व्हायला हवं. कोणता प्रश्न कुठल्या गठ्ठ्यात जातो, हे डॉक्टरांना बरोबर घेऊन निवडता येईल.

म्हणून आम्ही ठरवलंय, की वर सांगितली ती इंग्लंडची रीत आपल्या गटांत करून बघायची. पुढच्या बैठकीत अर्धा तास याला द्या. प्रत्येकीनं आपल्या किंवा घरातल्या दुखण्याबद्दल एकच प्रश्न सांगायचा, ज्याचं उत्तर तिला आजवर कुणी दिलेलं नाही. लिहिता येतं तिनं इतरींचे लिहून घ्यायचे. शब्द बदलायचे नाहीत, बाई जसं बोलली तसंच लिहायचं. "पांढरं जातं" म्हणाली तर तेच. नाव लिहायची गरज नाही. मग ओट्यावर सगळ्या चिठ्ठ्या पसरून प्रत्येकीनं तीन-तीन खडे ठेवायचे, ज्या प्रश्नाला महत्त्व वाटतं त्यावर. सासू-सुना एकाच गटात असतील तर खडे मूठ झाकून ठेवा, हे सांगायला नकोच. जास्त खडे पडलेल्या पाच चिठ्ठ्या आमच्याकडं पाठवा, आशाताईंच्या हाती दिल्या तरी पोचतील. ज्यांची उत्तरं आधीच आहेत ती आम्ही डॉक्टरांकडून घेऊन रेडिओवर सांगू. उरलेल्यांची यादी करून प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि मेडिकल कॉलेजच्या सामुदायिक आरोग्य विभागात नेऊन देऊ, आणि तिथं कोण काय म्हणालं तेही इथंच सांगू.

चार चिठ्ठ्या आधीच आल्यात. एकीत लिहिलंय, "गुडघ्याला तेल चोळून बरं वाटतं ते तेलानं की चोळण्यानं?" दुसरीत, "लोहाच्या गोळीनं पोट बिघडतं, चहाच्या आधी घ्यावी की नंतर?" तिसरी, "पाळी जायच्या वेळी राग येतो तो आजार आहे का." चौथीचं अक्षर लहान मुलाचं आहे, बहुतेक आजीनं नातवाकडून लिहून घेतलंय: "मोळी डोक्यावर घेतली की मान दुखते, पाठीवर घेतली की कंबर. कशी घ्यावी?"